हवापालट : वऱ्हाडातून वेंगुर्ल्यास

दिवाळीची सुटी महिना-दीड महिन्यावर आली म्हणजे मोठ्या कुटुंबांतून एक वाद हटकून सुरू होतो : यंदा हवापालटास कोठे जावयाचे? आमच्या अंजनगाव-सुर्जीकडे हा वाद पूर्वी फार वेळ चालत नसे. चिखलदरा दाराशीच आहे. साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीचे ते पठार, गाविलगडाचा किल्ला, कीचकवधाच्या कथेचे भीमकुंड आणि कॉफीची झाडे, एवढे सारे सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येण्याजोग्या अंतरावर असता लांबच्या प्रवासाची दगदग कोण करणार! परंतु आता मुलांनी हट्ट धरला आहे की, आम्हांस समुद्र पाहावयाचा. आणि खरे सांगावयाचे तर या हट्टामागे घरातील वडीलधारी माणसेही असतात. ती बोलून दाखवीत नाहीत, इतकेच. वयाची सत्तरी उलटली, काशी झाली, पंढरपूर झाले, आणि समुद्र मात्र चित्रातच पाहिला, अशा आजीबाई आपल्या तालुक्यात घरोघर आहेत.

‘खारे पाणीच पाहावयाचे तर आपल्या पूर्णेकाठच्या विहिरी काय कमी आहेत?’ असे एका गृहस्थांनी आम्हांस विनोदाने विचारले. खारपाणपट्ट्यातील माणसाला हा विनोद शोभतो. पण समुद्राशी आपल्या गावाचा संबंध अगदीच नाही असे मात्र समजू नये. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात जो तह येथे झाला, त्याने शिंद्यांचे भडोच बंदर इंग्रजांच्या हाती गेले. शेकडो मैल आत असलेल्या गावी बसून एक बंदर गेले, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

असो. समुद्रावर जावयाचे ठरले म्हणजे बहुतेकांच्या तोंडी प्रथम गोव्याचे नाव येते. आमचे मत निराळे आहे. ज्या कुटुंबात आजीपासून पाळण्यातील नातवापर्यंत सारी मंडळी बरोबर निघणार, त्यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले पाहावे. एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास सह्याद्रीचा घाटमाथा, आणि दोहोंमध्ये फार तर दोन तासांची मोटार. असा योग सर्वत्र जुळत नाही. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी सुमारे २८ किलोमीटर, आणि तेथून आंबोली आणखी सुमारे ३०. म्हणजे समुद्राची हवा ज्यांस मानवत नाही त्यांस दोन दिवस वर डोंगरात जाता येते, व बिऱ्हाड मोडावे लागत नाही.

वेंगुर्ले आज शांत आहे; एके काळी तसे नव्हते. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिचे पडके अवशेष अद्याप उभे आहेत. पुढे इंग्रजी अमदानीत बेळगावच्या छावणीस लागणारा माल आगबोटीने वेंगुर्ल्यास उतरे आणि बैलगाड्यांच्या रांगांनी घाट चढून वर जाई. आंबोली हे गाव नावारूपास आले ते याच वाटेवरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून. मग १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदराकडे रेल्वे झाली, व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याची घाई कायमची थांबली. गावाचे त्यात नुकसान झाले हे खरे. पण मुलाबाळांसह जाणाऱ्या प्रवाशास आज जो निवांतपणा लाभतो तो त्या नुकसानीचाच शेष आहे. आमच्या शकुंतला गाडीची ज्यांस आठवण आहे त्यांना आगगाडी एखाद्या गावाचे काय करते व न करते, हे सांगावयास नको.

जाण्याची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून कुडाळ अथवा सावंतवाडी स्थानकावर उतरून वेंगुर्ले गाठता येते. आपल्याकडून अकोल्यास अगर मूर्तिजापुरास मोटारीने जावे, रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी आणि तेथे एक दिवस अवश्य थांबावे. दोन रात्री लागोपाठ गाडीत काढून तिसऱ्या दिवशी आजी-आजोबांना वाळूत चालावयास लावणे हा हवापालट नव्हे, शिक्षा आहे. ठाण्या-डोंबिवलीस आपल्यापैकी कोणाचे ना कोणाचे नातलग असतातच. मात्र नऊ-दहा माणसे न कळविता त्यांच्या दोन खोल्यांत उतरू नयेत.

आता हंगामाविषयी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून लोक समुद्राकडे धाव घेतात. तेथे पारा दहा-बारा अंशांनी कमी असतो, ही गोष्ट खरी. पण वऱ्हाडातील उन्हाळा कोरडा. घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि वृद्धांचा जीव कासावीस होतो. शिवाय पाण्याचे काय? जेथे पाऊस आपल्या चौपट पडतो तेथे मे महिन्यात विहिरी तळाला जातात, हे आपल्याकडील लोकांस खरे वाटत नाही. पण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही आणि उतार तीव्र, त्यामुळे पावसाळ्यातील पाणी समुद्रास जाऊन मिळते. अशा दिवसांत दहा माणसांनी दुसऱ्याच्या विहिरीवर दोन वेळा स्नाने करणे बरे दिसत नाही. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस, किंवा मुलांची शाळा बुडविण्याची तयारी असल्यास मार्गशीर्ष-पौष, हा काळ उत्तम. पावसाळ्यात मात्र समुद्राचे नाव काढू नये. जून-जुलैत तेथील कोळीदेखील होड्या ओढून ठेवतात.

समुद्राची भीती बाळगा असे आम्ही म्हणत नाही; त्याची रीत जाणून घ्या असे म्हणतो. आपली मुले विहिरीत व धरणात पोहावयास शिकतात. तेथील पाणी एका जागी असते. समुद्राचे पाणी चालते, आणि लाटा आत येतात म्हणून सारे पाणी आतच येते असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः आलेले पाणी कोठून तरी परत जावयाचेच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने खोल समुद्राकडे जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्यास नेमकी तीच जागा संथ व सुरक्षित वाटते. तेथे सापडलेला मनुष्य किनाऱ्याकडे पोहू लागला तर दमतो आणि बुडतो. त्याने किनाऱ्याशी समांतर, आडवे जावे. पट्टा अरुंद असतो, थोड्याच अंतरावर सुटका होते. ही एक गोष्ट घरातील प्रत्येक तरुण मुलाकडून निघण्यापूर्वी वदवून घ्यावी. वर्षानुवर्षे किनाऱ्यांवर जे बळी जातात त्यांत आपल्यासारख्या आतल्या मुलखातील पोहणाऱ्या मुलांची संख्या कमी नसते, आणि ती पोहता येते म्हणूनच खोल जातात.

भरती-ओहोटीसाठी तर आपल्या घरी साधन तयारच आहे, ते म्हणजे पंचांग. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तो भरतीचा सुमाराचा तास. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. दिवसा एकदा आणि रात्री एकदा, शुद्ध पक्षात व वद्य पक्षातही तसेच. हा हिशेब मुंबईकडील आहे. दक्षिणेस वेंगुर्ल्याकडे भरती काहीशी आधी येते, म्हणून तेथील माणसास विचारून घ्यावे. अमावास्या-पौर्णिमेस उधाण मोठे, अष्टमीच्या आसपास सौम्य. पाण्यात शिरावयाचे ते ओहोटी लागण्यापूर्वी, आणि गुडघ्यापर्यंत. आजोबांनी बोटांच्या पेरांवर हा हिशेब नातवंडांना करून दाखवावा; मुलांचे तिथ्यांचे पाठांतर कशासाठी, हा प्रश्न मग ती पुन्हा विचारणार नाहीत.

आता ज्या प्रश्नावर पुष्कळ सहली घरातच मोडतात त्याकडे येऊ : जेवणाचे काय? तो मुलूख मासळीचा, आपण शाकाहारी. एका परिचित घरी यावरून असे ठरले की, स्वयंपाकघरासह जागा भाड्याने घ्यावी, पीठ-मीठ-मसाले बरोबर न्यावे आणि दोन्ही वेळा घरचेच जेवावे. पुरुषमंडळींना ही व्यवस्था निर्दोष वाटली. थोरल्या सूनबाई मात्र सासूबाईंना हळूच म्हणाल्या, ‘आई, स्वयंपाकच करावयाचा तर चूल येथेही आहे. मी घरी राहते. तेवढेच एक तिकीट वाचेल.’ सासूबाईंनी ते वाक्य जसेच्या तसे मुलांपुढे ठेवले. त्यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने वेंगुर्ल्यास शाकाहारी जेवण देणाऱ्या एका घरगुती खाणावळीशी बोलणे करून टाकले.

आम्हांस हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते. बारा माणसांच्या घरातील स्त्रीस हवेपेक्षा चुलीपासून पालट हवा असतो. खर्च वाचवावयाचा तर तो दोन दिवस कमी राहून वाचवावा. आणि कोकणात शाकाहारी मनुष्य उपाशी राहतो हा समज तर निव्वळ अज्ञानाचा आहे. तांदळाचे घावन, आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांची आमटी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, हंगाम असेल तर ओल्या काजूंची उसळ, आणि शेवटी सोलकढी; यांतील निम्मे पदार्थ आपल्याकडे कोणी चाखलेलेही नसतात. ज्वारीच्या भाकरीवाचून ज्यांचे चालत नाही अशा आजोबांसाठी शेर-दोन शेर पीठ न्यावे; दोन्ही वेळच्या भाताने त्यांचे समाधान व्हावयाचे नाही.

मासळीचा वास नको म्हणून किनाऱ्यावर जाणे टाळणाऱ्यांनी एकदा तरी रापण पाहावी. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकतात आणि त्याची दोन्ही टोके वाळूवर उभी असलेली माणसे तासचे तास ओढीत राहतात. म्हातारे, तरुण, पोरे, सारेच दोरीस लागतात आणि जे मिळेल त्याचे वाटे होतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास या हिशेबाची ओळख पटते. अलीकडे यांत्रिक नौका व पर्ससीन जाळी यांच्यामुळे किनाऱ्याशी येणारी मासळी कमी झाली, अशी रापणकरांची तक्रार आहे. पुष्कळदा एवढ्या श्रमांनंतर जाळ्यात टोपलीभरच निघते. आपण मासळी खात नाही, तरी कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातील माणसास त्या रिकाम्या जाळ्याचा अर्थ समजेल.

वाचनाची आवड असलेल्या घरांनी एक दिवस दक्षिणेस आरवली-शिरोड्यास द्यावा. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. पुढे ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळाले, तरी त्यांच्या लेखनाची घडण झाली ती या गावी. याच शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला. आरवलीस वेतोबाचे देऊळ आहे. त्यास केळ्यांचा घड आणि मोठाल्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीस हिंडतो, म्हणून वहाणा झिजतात, असा भाव. जयवंत दळवी याच आरवलीचे.

आंबोलीविषयी थोडेच लिहितो, कारण डोंगर आपणांस नवा नाही. उंची सुमारे ६९० मीटर, म्हणजे चिखलदऱ्याहून पुष्कळ कमी. पण पाऊस सात हजार मिलिमीटरांच्या घरात. आपल्याकडे सात-आठशे झाला म्हणजे वर्ष बरे गेले म्हणतात! तेथे हिरण्यकेशीचा उगम मात्र अवश्य पाहावा. महादेवाच्या देवळाशी गुहेतून पाणी येते. तेथील एक लहानसा मासा शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये नवीन जात म्हणून नोंदविला आणि पुढील वर्षी ती जागा जैविक वारसा म्हणून घोषित झाली. तेव्हा कुंडात हात घालू नये, निर्माल्य टाकू नये.

या उगमाशी मुलांना एक कोडे घालावे. निरभ्र दिवशी घाटाच्या कड्यावरून अरबी समुद्र दिसतो. मग हिरण्यकेशीचे पाणी कोठे जाते? मुले समुद्राकडे बोट दाखवितील. ते पाणी पूर्वेस वळते, घटप्रभेस मिळते, तीतून कृष्णेत आणि शेवटी सारा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. आणि आपली शहानूर? ती पूर्णेस, पूर्णा चांगदेवाशी तापीस, आणि तापी सुरतेपलीकडे याच अरबी समुद्रास मिळते. चिखलदऱ्याच्या डोंगरात पडलेले आपले पाणी वेंगुर्ल्याच्या समुद्रात पोहोचते, आणि ज्या डोंगरावरून तो समुद्र दिसतो त्या डोंगरावरचे पाणी तिकडे पाठ फिरविते.

परत येताना काय आणावे, हे गृहिणींस सांगावे लागत नाही. आमसुले, काजू, सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी व फळे, एवढे पुरे. नारळांचे ओझे करू नये. जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. अंजनगावची विड्याची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून नेली तर तीन दिवस सहज टिकतात. थोडी पानपिंपरीही न्यावी. घरगुती खाणावळीच्या आजीबाईंना तिचे औषधी गुण ठाऊक असतात. त्या बदल्यात त्या आपल्या वाडीतील सुपारी देतील. ती घ्यावी, आणि त्यांच्याच ओटीवर बसून पहिला विडा लावावा.