नाशवंत वारसा आणि निद्रिस्त शासन

सावदा स्थानकातून केळी दिल्लीला जातात. माल नाशवंत, शेतकरी घटका मोजून घड कापतो. चित्रफीतही नाशवंतच! पण शासनाला जाग केव्हा आली? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले १९६४ मध्ये, दादासाहेब फाळके यांच्या निधनानंतर तब्बल वीस वर्षांनी. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही. १९३१ च्या ‘आलम आरा’ची तर एकही प्रत नाही. पी. के. नायर यांनी अक्षरशः वणवण करून संग्रह जमविला. त्यातील अनेक नायट्रेट चित्रफिती ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच भस्मसात झाल्या. नायट्रेट भडकते, हे का कोणास ठाऊक नव्हते? ५९७ कोटींची वारसा मोहीम आली ती त्यानंतर. जळालेल्या रिळांना तिचा काय उपयोग?