तुकड्याला पत्ता हवा

बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या बाजारात आम्ही कापडवाले ताग्यातून कापून माल विकतो. तागा एक, गिऱ्हाइके दहा. पण कापलेला तुकडा कोणत्या ताग्याचा, याची नोंद किती दुकानांत राहते?

पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे 1,668 जणांच्या कबरी आहेत. जागेचे विभाग पाडून प्रत्येक कबरीला विभाग, रांग आणि क्रमांक दिला आहे. त्यामुळे परदेशातून आलेला वारसही नेमक्या कबरीपाशी पोहोचतो.

आमच्या मालालाही असाच पत्ता हवा. दोन लॉटचा एकच रंग दिव्याखाली सारखा दिसतो, उन्हात फरक उघडा पडतो. मग सलवार-कमीजचे शिवलेले कापड घेऊन गिऱ्हाईक भांडायला येते.

गोदावरीपलीकडच्या पैठणच्या पैठणीत पदर, काठ आणि अंग असे भाग असतात. जुना पदर कापून नव्या यंत्रमागाच्या कापडाला जोडला, तर त्यात गैर नाही. मात्र सगळे वस्त्र हातमागाचे म्हणून स्वस्तात विकले, की खऱ्या विणकराची मजुरी गिऱ्हाइकाला महाग वाटू लागते. हातमागाच्या मालासाठी 2006 पासून 'हँडलूम मार्क' आहे; पण कात्री लागली की लेबल एकाच तुकड्यावर राहते.

म्हणून व्यापारी बांधवांनी बिलावर तागा नंबर, लॉट, मीटर आणि हातमाग की यंत्रमाग, हे लिहावे. उरलेल्या तुकड्यालाही चिठ्ठी टाचावी. मेहनत दोन ओळींची आहे; धंद्याची बरकत मात्र गिऱ्हाइकाच्या भरवशावर आहे.