शब्दांची ओळख : 'डिसिपेट'

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला. आमच्या चाळीतले एक गृहस्थ रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट आमच्या दारात आले. हातात कागद होता. "जयभीम गुरुजी, एवढं वाचून सांगा," म्हणाले. कारखान्याने इंग्रजीत टाईप केलेले पत्र दिले होते. गैरहजेरीचे तीन दिवस लिहिले होते, ते खरेच होते; घरात मुलगी तापाने पडली होती. पण त्याखाली एक ओळ होती : हा कामगार 'डिसिपेटेड लाइफ' जगतो. आणि आमच्या या शेजाऱ्यांनी 'मान्य' असे लिहून सही करून टाकलेली! का, तर सोबतच्या एका शिकलेल्या मुलाने डिक्शनरी पाहून सांगितले, "डिसिपेट म्हणजे विखुरणे. तुमचं लक्ष घर आणि काम यात विखुरलंय, एवढंच म्हणतात ते."

मुलाने सांगितलेला अर्थ खोटा नव्हता, अर्धा होता. वाचकहो, म्हणून आज हाच शब्द घेतला आहे.

लॅटिनमध्ये 'डिस' म्हणजे दूर, वेगवेगळे. त्याला फेकणे या अर्थाचे क्रियापद जोडून हा शब्द झाला. इकडे तिकडे फेकून देणे, हा मूळ अर्थ. स्पेलिंगमध्ये एस दोन आणि पी एकच. आमची मुले हमखास उलटे करतात. उच्चार डिसिपेट, जोर पहिल्या 'डि'वर.

धुके विरते तेव्हा 'द फॉग डिसिपेट्स'. राग, संशय, ताण हळूहळू निवळला तरी हेच क्रियापद. पोलीस जमाव पांगवतात तिथे मात्र 'डिस्पर्स' म्हणायचे. कारण पांगलेली माणसे कुठेतरी असतातच, विरलेले धुके सापडत नाही. शेतात बी फेकतात ते 'स्कॅटर'. 'स्क्वाँडर' पैसा, वेळ, संधी यांच्यापुरताच. धुक्याला तो चालत नाही.

मराठीत आपण गुलाल उधळतो, बैल उधळतो आणि बापाची कमाईही उधळतो. इंग्रजीत या तिन्हींना एक शब्द नाही. 'डिसिपेट' फक्त तिसऱ्याला लागतो. गुलालाला लावाल तर परीक्षक तांबडी रेघ ओढील.

आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना हा शब्द उष्णतेच्या धड्यात भेटतो. ट्रान्झिस्टरला ॲल्युमिनियमच्या पात्यांची पट्टी लावतात, ती उष्णता हवेत 'डिसिपेट' करते. बसने ब्रेक मारला की गतीची ऊर्जा ब्रेकमध्ये तापते आणि हवेत विरते. शास्त्र सांगते की ती ऊर्जा नष्ट होत नाही, पण इतकी पसरते की पुन्हा कामाला येत नाही. पगाराचेही तसेच आहे. गुत्त्यात गेलेले पैसे नष्ट कुठे होतात? गुत्तेवाल्याच्या गल्ल्यात नीट रचून असतात. आपल्या घराच्या कामाचे राहत नाहीत, इतकेच.

आणि हाच शब्द आपल्या धम्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांतही आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात, राजगृहाजवळ, तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला धनाची सहा 'अपायमुखे' सांगितली. भाषांतरकारांनी तिथे 'डिसिपेट' योजला. नशापाणी, अवेळी रस्त्यावर भटकणे, नाचतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस, ही ती सहा. प्रत्येकाचे पुन्हा सहा तोटे सांगितले आहेत. दारूच्या तोट्यांत पैसा, भांडण, रोगराई यांच्या जोडीला बदनामीही मोजली आहे.

आता क्रियापदाला 'डी' लागून 'डिसिपेटेड' झाले आणि ते माणसाला लावले, की अर्थ होतो दारूबाज, छंदीफंदी, चैनीत आयुष्य फुंकणारा. धुके डिसिपेटेड असेल तर काही बिघडत नाही. कामगार डिसिपेटेड ठरला तर नोकरीवर येते. आमच्या शेजाऱ्यांनी तर दारूचा थेंब कधी तोंडात घेतला नव्हता. अर्थ सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांच्या बायकोने आतून विचारले, "मग सही मागं घेता येते का?"

त्याच दिवशी आम्ही उत्तर लिहून दिले. तीन दिवसांची गैरहजेरी कबूल केली, कारण लिहिले, मुलीच्या औषधाची चिठ्ठी जोडली. त्या शब्दाचा अर्थ आपणास ठाऊक नव्हता, म्हणून त्यापुरती सही मागे घेत आहोत, असे स्पष्ट लिहिले. आणि कोणत्या तारखेला, कुठे, कोणी आपणास नशेत पाहिले ते कळवावे, अशी विनंती केली. पंधरा दिवसांनी दुसरे पत्र आले. तीन दिवसांचा पगार कापला होता. ती ओळ मात्र नव्हती.

दोन्ही कागद त्यांनी ट्रंकेत, मुलीच्या शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवून दिले.