हिजामा : सुन्नतही, जबाबदारीही

आमच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीचे दिवस आले की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : कंबर धरली. दिवसभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावणाऱ्या बाया असोत, नाहीतर राईस मिलमध्ये पोती वाहणारे हमाल. माझी मात्र मान आखडते, तीही मोबाईलमुळे. म्हणून मध्यंतरी मी एका हिजामा शिबिरात गेलो.

कप लावणारा तरुण मनमिळाऊ होता. मी विचारले, "भाई, शिकलात कुठे?" तो म्हणाला, "व्हिडिओ बघून. सुन्नत आहे, नुकसान होतच नाही." टेबलावर ब्लेड उघडेच पडले होते. मी सदरा घातला आणि परत आलो.

मित्रांनो, माझा विरोध हिजामाला नाही. ही गोष्ट या मातीलाही परकी नाही. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण मराठीत आहे, कारण गावोगावी न्हावी तुंबडी लावत असे. सुश्रुत संहितेत भोपळा आणि शिंग लावून रक्त काढण्याचे वर्णन आहे. युनानीत हिजामा 'इलाज बित-तदबीर' या शाखेत शिकवतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग जगाने पाहिले, तेही कपांचेच.

कपातली हवा काढली की कातडी वर ओढली जाते, तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि आखडलेला भाग सैल वाटतो. मान-पाठीच्या दुखण्यात थोडे दिवस आराम पडल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. एवढ्यासाठी कोरडा कप पुरतो, ब्लेड लागत नाही. 'रक्तातले विष निघते', 'शुगर बरी होते' हे दावे मात्र सोडून द्या. रक्त गाळण्याचे काम अल्लाहने यकृत आणि मूत्रपिंडांना दिले आहे.

ओल्या हिजामात कातडीला चिरा देतात. ब्लेड किंवा कप निर्जंतुक नसेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. शिवाय आपला पूर्व विदर्भ सिकलसेलचा पट्टा आहे. ज्याच्या अंगात आधीच रक्त कमी, त्याचे रक्त काढणे म्हणजे उपचार नव्हे. गरोदर स्त्रिया आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः हिजामा करून घेतला आणि करणाऱ्याला मोबदला दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण वैद्यक न शिकता उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, हेही हदीसमध्येच आले आहे. ते आपण का सांगत नाही? अर्धी सुन्नत बॅनरवर आणि अर्धी विस्मरणात, हे बरे नव्हे.

म्हणून तरुणांना माझी विनंती : मोहल्ल्यात शिबिर असेल तर तीन गोष्टी विचारा. करणाऱ्याकडे युनानी पदवी आणि नोंदणी आहे का? ब्लेड आणि कप माझ्यासमोर पाकिटातून काढाल का? माझे आजार आणि औषधे विचारलीत का? एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर अदबीने सलाम करून उठा. आणि शिबिर तुम्हीच भरवत असाल, तर ही उत्तरे दारावर लावा. लोक आपले शरीर तुमच्या हाती अमानत म्हणून देतात. ती सांभाळणे हीसुद्धा इबादतच आहे.