फॉर्म अडला की ऑर्डर गेली!



वेबसाइट बनवून घेतली, जाहिरातीवर पैसे घातले, तरी ऑर्डर येत नाहीत? मग दर कमी करण्याआधी स्वतःचा ऑर्डर फॉर्म भरून बघा. वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये. डेव्हलपर म्हणेल, "माझ्याकडे तर चालतंय." चालत असेलही. पण ऑर्डर त्याच्या लॅपटॉपवरून येणार नाहीये ना!

फॉर्म कुठे अडतो, बघा:

१. मोबाइल नंबरच्या रकान्याला १० अक्षरांची मर्यादा असते. ग्राहक सेव्ह केलेला नंबर पेस्ट करतो, पुढे +९१ आणि मध्ये मोकळ्या जागा. ब्राउझर दहाव्या अक्षराला कापतो. खऱ्या नंबरचे पाचच आकडे उरतात!

२. मराठी कीबोर्डवरून कोणी पिनकोड ४११०३० असा टाकला, तर फक्त इंग्रजी आकडे ओळखणारी तपासणी त्याला "चुकीचा" ठरवते.

३. तपासणीच्या कोडमधला 'लुकबिहाइंड' हा प्रकार क्रोममध्ये चालतो, पण सफारीत तो मार्च २०२३ मध्ये, १६.४ आवृत्तीत आला. त्याआधीच्या आयफोनवर अशी एक ओळ सगळी स्क्रिप्ट बंद पाडू शकते. बटण दाबलं तरी काहीच होत नाही. तिथे क्रोम टाकूनही उपयोग नाही, कारण आपल्याकडे आयफोनवरचं क्रोम सफारीचंच इंजिन वापरतं.

माझं मत स्पष्ट आहे: फॉर्मने ग्राहकाची परीक्षा घेऊ नये. दुकानात आलेला माणूस "प्लस नाइन्टी वन" म्हणाला म्हणून आपण त्याला बाहेर काढतो का? नंबर लिहून घेतो. तसंच फॉर्मनेही करावं. मोकळ्या जागा, +९१ स्वतः काढावं, मराठी आकडे बदलून घ्यावेत. खरंच चूक असेल, तर त्याच रकान्याखाली साध्या मराठीत सांगावं: "मोबाइल नंबर १० आकडी हवा." आणि शेवटची तपासणी सर्व्हरवर हवीच, कारण ब्राउझरमधली तपासणी कोणीही चुकवू शकतो.

म्हणून डेव्हलपरशी आधीच ठरवा: एक अँड्रॉइड, एक जुना आयफोन आणि लॅपटॉपवरचं फायरफॉक्स, तिन्हीवर ऑर्डर गेली तरच शेवटचा हप्ता. जुना फोन घरातल्या कोणाकडे तरी सापडतोच.

अडलेला ग्राहक तक्रार करत बसत नाही हो. तो दुसरीकडे ऑर्डर देतो, आणि आपल्याला कळतही नाही.