फुगलेला मोदक

बेडूक आणि बैलाची ती गोष्ट आठवतेय? बैलाएवढं व्हायचं म्हणून श्वास ओढून ओढून फुगणारी आणि शेवटी फटकन फुटणारी बेडकी? तात्पर्य वगैरे सोडा हो. गेल्या मे महिन्यात माझ्या कोथरूडच्या वन-बीएचकेमध्ये ती गोष्ट लाइव्ह सुरू होती. फरक एवढाच, की आमच्या हीरोला बैल व्हायची काडीची हौस नव्हती. तो आजारी होता.

हीरोचं नाव मोदक. पांढराशुभ्र, गुबगुबीत, म्हणून मोदक. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ‘अल्बिनो फ्रॉग’ म्हणून दीडशे रुपयांना मिळतो तो. खरं नाव आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. माझी रूममेट दोन वर्षांपूर्वी जॉब बदलून बेंगळुरूला गेली, तेव्हा तिची बीनबॅग, राइस कुकर आणि मोदक असे तिघं माझ्याकडे राहिले. बीनबॅग फाटली, कुकर बिघडला. मोदक टिकला. नीट सांभाळलं तर ही जात पंधरा वर्षं सहज काढते, हे दीडशे रुपये घेताना दुकानदार सांगत नाही.

अख्खं आयुष्य पाण्यातच. जीभ नाही, त्यामुळे कार्टूनमधल्यासारखं माशी गट्टम करणं वगैरे काही नाही. लोकल सुटायच्या आत वडापाव संपवणाऱ्या माणसासारखं दोन्ही हातांनी खाणं तोंडात कोंबायचं. आणि खानदानाचा सीव्ही सॉल्लिड आहे हं! १९३०च्या दशकात लॅन्सलॉट हॉग्बेन नावाच्या शास्त्रज्ञाच्या कामातून याच जातीच्या माद्यांवर प्रेग्नन्सी टेस्ट उभी राहिली. बाईच्या लघवीचं इंजेक्शन बेडकीला द्यायचं. बाई गरोदर असेल, तर दुसऱ्या दिवसापर्यंत बेडकी अंडी घालणार. पुढे जॉन गर्डन यांनी क्लोनिंगचे गाजलेले प्रयोग याच बेडकावर केले आणि त्यांना २०१२चं नोबेल मिळालं. तर असा हा खानदानी प्राणी माझ्या टेबलावर तिरका तरंगत होता.

तीन दिवस खाणं बंद. चौथ्या दिवशी पोट, मांड्या, गळा, सगळं टम्म. कातडी इतकी ताणलेली की आतल्या शिरा दिसत होत्या. खाली बुडी मारायला जायचा आणि बुचासारखा परत वर. एका पीआर एजन्सीतल्या मित्राला सांगितलं, मीटिंगला येत नाही, बेडूक आजारी आहे. तो हसत सुटला, ‘अरे, मेंढकी को भी जुकाम हो गया!’ हिंदीत ही म्हण आहे हे मला तेव्हा कळलं. हसू मात्र आलं नाही.

मग डॉक्टरांची शोधाशोध. पुण्यात कुत्र्याला स्पा मिळतो, मांजराला बर्थडे केक मिळतो. बेडकाला डॉक्टर? पाच फोन केले. एका रिसेप्शनिस्टनं तीनदा विचारलं, ‘डॉग ना मॅडम?’ ‘फ्रॉग.’ ‘हां, ब्रीड कोणती?’ सहाव्या फोनला एक्झॉटिक प्राणी बघणारे डॉक्टर मिळाले, शहराच्या दुसऱ्या टोकाला. टँकमधलंच पाणी डब्यात घेतलं, झाकणाला भोकं पाडली आणि रिक्षात बसले. रिक्षावाले काका आरशातून बघत म्हणाले, ‘डब्यात काय ताई?’ ‘मोदक.’ ‘वा, आज चतुर्थी का?’

वजन भरलं ७४ ग्रॅम. एरवी ५०च्या आसपास असतो. म्हणजे साहेब जवळजवळ निम्म्यानं जास्त पाणी अंगात घेऊन फिरत होते. डॉक्टरांनी जे समजावलं, ते मला शाळेतल्या बायोलॉजीनं कधी समजावलं नव्हतं. बेडकाची कातडी म्हणजे रेनकोट नाही, गाळणी आहे. त्याच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, त्यामुळे बाहेरचं पाणी चोवीस तास कातडीतून आत झिरपत असतं. ते बाहेर फेकायचं काम किडन्यांचं. शिवाय कातडीखाली साचणारा द्रव पुढे ढकलायला बेडकाला मुख्य हृदयाखेरीज छोटी छोटी ‘लिम्फ हार्ट्‌स’ असतात. (एका हृदयात आपली एवढी वाट लागते, याला डझनभर दिली असती तरी चाललं असतं, असं तेव्हा वाटून गेलं.) यातलं काहीही बिघडलं, जंतुसंसर्ग झाला, किडनी थकली, की प्राणी फुगायला लागतो. फुगणं हा आजार नव्हे, आजाराची खूण. त्यात उन्हाळा. मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या गार पाण्याचा हा जीव, याला पाणी विशीच्या आसपासच्या तापमानाचं लागतं. बाहेर ३९ अंश आणि टँकमध्ये ३०.

डॉक्टरांनी सुईनं थोडं पिवळसर पाणी काढलं, अँटिबायोटिक दिलं आणि सरळ सांगितलं, ‘फिफ्टी-फिफ्टी. ट्राय करू शकतो. किंवा शांतपणे झोपवू शकतो. दोन्हीत चूक काही नाही.’ बिल अठ्ठावीसशे. आता तुमच्यातला एमबीए लगेच गणित करणार, या पैशात अठरा नवे बेडूक आले असते. मीही केलं ते गणित, काउंटरवर, कार्ड हातात धरून. पण टिकमार्क करायच्या त्या दोन पर्यायांसमोर डब्यातून दोन गुलाबी डोळे वर बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, बेडूक कोणाकडे बघत वगैरे नसतो. ते नुसते उघडे होते. मी ‘ट्राय’ म्हणाले.

इथून पुढचे सोळा दिवस म्हणजे खरं तर पाण्याची शुश्रूषा. बेडकाला बरं करायचं म्हणजे त्याच्या भोवतीचं पाणी बरं करायचं, एवढाच फंडा. एक प्लॅस्टिकचा टब, तळाला खडे नाहीत, लपायला पाइपचा तुकडा, वर टॉवेलचा अंधार. पाण्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाचं मीठ, म्हणजे बाहेरचं पाणी जरा खारट होतं आणि आत झिरपायचा वेग कमी होतो. (नेटवर बघून किचनमधलं आयोडीनवालं मीठ ओतू नका, प्लीज.) नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून बादलीभर पाणी आदल्या दिवशी भरून त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब. रोज सगळं पाणी बदलायचं. आईनं पुरणपोळ्यांसाठी दिलेल्या मोठ्या परातीत टब ठेवला, टबाभोवती गार पाण्याच्या बाटल्या, वरून टेबल फॅन. तापमान उतरवायचं तेही हळूहळू, एकदम नाही.

आणि डास! डासांचं लिक्विड मशीन बंद. त्या औषधाचा अंश पाण्यात उतरला, तर असल्या कातडीतून थेट आत. सोळा रात्री कोथरूडच्या डासांना माझा बुफे खुला होता. हँड क्रीम बंद, सॅनिटायझर बंद. वजन करायला उचलताना हात टबातल्याच पाण्यात ओले करून घ्यायचे.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू? काही न करणं. कुत्रा आजारी असला, तर तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेता. याला कुरवाळणं म्हणजेच टॉर्चर. बळजबरीनं भरवायचं नाही, सारखं टॉवेल उचलून बघायचं नाही. मी शेजारी बसून आर्टिकल्स टाइप करायचे आणि कान टबाकडे.

आईचा रोज फोन. ‘अगं, माझा गुडघा दुखतोय त्याची चौकशी कर कधी.’ खालच्या काकू म्हणाल्या, ‘पाषाणच्या तलावात सोडून दे, बिचारा मोकळा तरी होईल.’ चांगल्या मनानं म्हणाल्या, पण हे अजिबात करायचं नाही. हा बेडूक चिली, कॅलिफोर्निया, फ्रान्स अशा ठिकाणी सुटला आणि तिथे ठाण मांडून बसला. शिवाय बेडकांच्या कित्येक जाती संपवणारी कायट्रिड ही बुरशी तो स्वतः आजारी न पडता अंगावर वागवू शकतो. आपल्या सह्याद्रीत एवढ्या तऱ्हेचे बेडूक आहेत, त्यांच्या शेजारी हा पाहुणा नको. आणि उलटही, पावसाळ्यात तिथून एखादा उचलून घरी आणायचा नाही.

वजनांचा कागद फ्रिजवर लावला होता. ७४, ७५, ७५, ७६. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी परत पाणी काढलं. ७०. मग ७१. त्या रात्री मी दुसऱ्या पर्यायासाठी अपॉइंटमेंट घ्यायचा नंबर काढून ठेवला. सकाळी ६८. नवव्या दिवशी ६१ आणि टबाच्या तळाशी एक काळपट लेंडी. बेंगळुरूला फोटो पाठवला. तिकडून मीटिंगमधून रिप्लाय आला, नुसते आनंदानं नाचणारे बारा स्मायली. बाराव्या दिवशी गांडुळाचा तुकडा सोडला. तो दहा मिनिटं तसाच पडला. मग एकदम दोन्ही हात आले आणि कोंबाकोंबी सुरू.

सोळाव्या दिवशी ५३. हळूहळू मीठ कमी करत मोदक टँकमध्ये परत गेला. दोन दिवसांनी त्यानं कात टाकली आणि शर्ट काढावा तशी डोक्यावरून ओढून खाऊन टाकली. घाण वाटली ना? मला फार बरं वाटलं.

या जातीचे नर पाण्याखालूनच ओरडतात. डराव डराव नाही. कोणीतरी बॉलपेनचं बटण सतत दाबतंय तशी टिकटिक. महिनाभर ती बंद होती. जूनच्या पहिल्या पावसाच्या रात्री सव्वादोनला सुरू झाली, ती थेट साडेचारपर्यंत. सकाळी नऊला माझा इंटरव्ह्यू होता.