आई पायथ्याशीच बसून राहिली

गेल्या हिवाळ्यात आईला घारापुरीला नेलं. आयुष्यभर वर्गात त्रिमूर्तीचं चित्र दाखवून इतिहास शिकवला, पण खरी मूर्ती कधी पाहिली नव्हती. आता निवृत्ती आहे, गुडघे नाहीत. गेटवेला लाँचमध्ये चढताना दोन अनोळखी पोरांनी तिला दंडाला धरून अक्षरशः उचललं. तासाभराने बेटावर उतरलो, छोट्या गाडीने पायथ्याशी आलो. समोर सुमारे १२० पायऱ्या. डोलीवाले होते. "माणसांच्या खांद्यावर बसून देव बघू? नको," आई म्हणाली. ती खाली चहा पीत बसली आणि मी वरून फोटो काढून आणले.

त्या फोटोंची मला लाज वाटते.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : वारसा आहे, हात लावता येत नाही. अहो, लेण्यात लिफ्ट बसवा असं कोण म्हणतंय? पण डुचमळणारी लाँच, धक्क्यावरची उडी, कठड्याविना चढ-उतार हे काही सहाव्या शतकात कोरलेलं नाही. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का बांधता येतो. दर वीस पायऱ्यांवर बाक ठेवता येतो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही.

आणि प्रश्न फक्त पाहुण्यांचा नाही. ही लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली. बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तीन गावांत समुद्राखालच्या केबलने वीज पोचली २०१८ साली. मधली एकतीस वर्षं जग तिथे येत होतं आणि अंधार पडायच्या आत परतत होतं. मागे प्लास्टिकच्या बाटल्या राहत होत्या. याला पर्यटनाचा विकास म्हणायचं?

बरं, सगळी गर्दी गेटवेलाच का? जोगेश्वरीची लेणी ऐन वस्तीत आहेत. अंधेरीला महाकाली आहे. बोरिवलीच्या कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीत? पर्यटक तिकडे वळले तर गेटवे मोकळा श्वास घेईल आणि जोगेश्वरीच्या चहावाल्याचाही गल्ला भरेल. फक्त आधी स्वच्छतागृह, सपाट वाट आणि कचऱ्याची सोय हवी, तीही तिथल्या रहिवाशांना विचारून. नाहीतर आपण गर्दी वाटणार नाही, नुसता त्रास वाटू.

पर्यटन किती वाढलं हे सांगताना आलेल्यांची डोकी मोजतात. जे येऊच शकले नाहीत, त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात नसते. ती आपण करू शकतो. कुठेही गेलात की रिव्ह्यूमध्ये सूर्यास्ताच्या फोटोसोबत एवढं लिहा : पायऱ्या किती, रॅम्प आहे का, बसायला जागा कुठे. पायथ्याशी कुणाची तरी आई चहा पीत बसलेली असते. तिचा चहा एव्हाना गार झालाय.